नमुना सव्वीस आणि आपण वाचते लोक

एम.ए.च्या वर्गाला शैलीविज्ञान शिकवताना मी दर वर्षी एखादा बिगरसाहित्यिक मजकूर सोबत नेतो. कधी लग्नपत्रिका, कधी औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, कधी जमिनीच्या खरेदीखताची नक्कल. २०२४च्या विधानसभा निवडणुकीनंतर मी आमच्या मतदारसंघातल्या दोन उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे नेली. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ती कोणालाही मिळतात. मुलांनी ती आधी कंटाळून, मग कुजबुजत आणि शेवटी एकमेकांच्या हातातून ओढून घेत वाचली. अर्ध्या तासाने मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, व्यवसायाच्या रकान्यात 'शेती व समाजसेवा' लिहिलंय. समाजसेवा हा व्यवसाय असेल, तर त्याचं उत्पन्न कुठल्या रकान्यात दाखवलंय?"

वर्ग हसला. मी मात्र गप्प झालो, कारण इतका नेमका प्रश्न माझ्या वर्गात कोणी कवितेवरही विचारल्याचे मला आठवेना. पुढच्या आठवड्यात प्राचार्यांनी चहाला बोलावले आणि अतिशय सौजन्याने सांगितले की, वर्गात राजकारण नको. संस्थेच्या अडचणी असतात, तुम्ही समजून घ्याल. मी समजून घेतले. दुसरा तास घेतला नाही. प्रस्तुत लेख हे त्या न घेतलेल्या तासाचे उट्टे आहे, असे कोणी म्हटले तर मी नाकारणार नाही.

माझा रोख प्राचार्यांवर नाही. त्यांनी उघडपणे जे बोलून दाखवले, ते आपण, म्हणजे मराठी शिकवणारे, शिकणारे, समीक्षा लिहिणारे आणि तिच्यावर वाद घालणारे लोक, न बोलता पाळत असतो. 'संहितेचे सूक्ष्म वाचन' हे शब्द आपल्या तोंडी सतत असतात. मर्ढेकरांच्या एका ओळीतल्या विरामचिन्हावर आपण पाऊण तास बोलू शकतो. पण आपल्या नावाने विधिमंडळात हात वर करणारा माणूस शपथेवर स्वतःविषयी काय लिहून देतो, ती संहिता आपल्यापैकी किती जणांनी एकदा तरी उघडली आहे? 'नमुना २६' हे तिचे नाव. त्यात उमेदवारावरचे खटले येतात, त्याची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता व कर्जे येतात, पाच वर्षांची प्राप्तिकर विवरणातली उत्पन्ने येतात, उत्पन्नाचे स्रोत येतात, सरकारशी काही कंत्राटे असल्यास तीही येतात. एखाद्या माणसाविषयी इतका मजकूर मराठी चरित्रकारालाही क्वचितच सापडतो.

आणि हा मजकूर आपल्याला कोणी सहजासहजी दिलेला नाही. १९९९मध्ये अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतल्या काही प्राध्यापकांनी (प्राध्यापकांनी, हे पुन्हा वाचावे) दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. त्रिलोचन शास्त्री आणि जगदीप छोकर ही त्यांतली दोन नावे. 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' ही त्यांची संस्था. मागणी एवढीच होती की, उमेदवारावरचे गुन्हे, त्याची मालमत्ता आणि शिक्षण मतदाराला कळावे. नोव्हेंबर २०००मध्ये उच्च न्यायालयाने ती मान्य केली. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे २ मे २००२ रोजी निकाल मतदाराच्या बाजूने लागला. मग जे घडले ते आपल्या संसदीय इतिहासातले एक विलक्षण दृश्य आहे. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष जुलै २००२मध्ये एकत्र बसले आणि हे होऊ द्यायचे नाही यावर त्यांचे एकमत झाले. अध्यादेश निघाला. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी तो एकदा परत पाठवला. पुन्हा आल्यावर घटनेप्रमाणे त्यांना सही करावी लागली. न्यायालयाचा निकाल काही का असेना, उमेदवाराला कायद्यात लिहिले आहे त्यापलीकडे काही सांगावे लागणार नाही, असे कलम लोकप्रतिनिधित्व कायद्यात घुसवण्यात आले. १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. तेव्हापासून हे कागद आपल्या हाती आहेत. त्या कागदातला रकाना कोरा सोडता येणार नाही, यासाठीही २०१३मध्ये पुन्हा न्यायालयात जावे लागले. उत्पन्नाचा स्रोत सांगायला लावण्यासाठी २०१८मध्ये पुन्हा. एकेका रकान्यामागे एकेक याचिका उभी आहे.

छोकर सप्टेंबर २०२५मध्ये गेले. आमच्या स्टाफरूममध्ये त्या आठवड्यात एका वाङ्मयीन पुरस्कारावरून फार कडाक्याचे वाद चालले होते. असो.

आपली ठरलेली सबब मला ठाऊक आहे: 'सगळे सारखेच.' ही सबब अनुभवातून आलेली आहे असे आपण मानतो. माझ्या मते ती न वाचण्यातून आलेली आहे. सारखेपणा लांबूनच दिसतो. दोन प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवा. एकावर आठ गुन्हे दिसतील आणि आठही जमावबंदी मोडल्याचे, रास्ता रोको केल्याचे असतील. दुसऱ्यावर एकच असेल, पण फसवणुकीचा किंवा जिवे मारण्याचा प्रयत्न केल्याचा. तिसऱ्याचा रकाना स्वच्छ असेल आणि पाच वर्षांपूर्वीच्या कागदाशी ताडून पाहिल्यावर जमिनीचे गट क्रमांक मात्र दुपटीने वाढलेले असतील. या तिघांना 'सारखे' म्हणणारा माणूस वाचक नव्हे. आणि येथे सुधारणावाद्यांनाही एक बोल लावला पाहिजे. 'गुन्हे दाखल असलेले इतके टक्के उमेदवार' हा जो ठळक आकडा दर निवडणुकीत छापून येतो, त्याने वाचन सोपे केले आणि बिघडवलेही. गंभीर गुन्ह्यांची वेगळी वर्गवारी अहवालात असते, नाही असे नाही. पण मथळ्यात येतो तो पहिला आकडा. त्या आकड्यात धरणग्रस्तांसाठी तुरुंगात गेलेला कार्यकर्ता आणि खंडणीचा आरोपी एकाच रांगेत बसतात, आणि ज्याने कधी कसलेच आंदोलन केले नाही तो 'स्वच्छ' ठरतो. मध्यमवर्गाला राजकारणात हवी असलेली स्वच्छता पुष्कळदा अशीच असते. कपड्यांवर धूळ नको, एवढीच.

याउलट वाचन कसे असते, ते राजस्थानातल्या मजुरांनी दाखवून दिले. १९९०मध्ये देवडुंगरी या गावी स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४मध्ये कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. दुष्काळी कामांवरचे हजेरीपट, ज्यांना आपल्याकडे रोजगार हमीच्या कामांपासून 'मस्टर' म्हणतात, ते गावासमोर मोठ्याने वाचले गेले. कामावर कधी न गेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची, मेलेल्यांची नावे अंगठ्यांसह त्यात होती. वाचणारा एकच होता. पण प्रत्येक नावावर गाव बोलत होते. पुढे एप्रिल १९९६मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचे धरणे झाले. देशाला २००५मध्ये जो माहितीचा अधिकार मिळाला, त्याची एक मोठी मुळी या सामूहिक वाचनात आहे. ज्यांच्यातल्या कित्येकांना अक्षर लागत नव्हते त्यांनी आपल्याला वाचन म्हणजे काय ते शिकवले, आणि आपण वाचनसंस्कृती लोप पावत असल्याची परिसंवादांतून चिंता करीत राहिलो.

महाराष्ट्राला केंद्राच्या आधी, २००२चा म्हणून ओळखला जाणारा स्वतःचा माहिती अधिकार कायदा मिळाला. त्यामागे अण्णा हजारे यांची उपोषणे होती, हे २०११च्या टोप्यांच्या गर्दीत आपण विसरून गेलो. त्या गर्दीविषयी मी कठोर आहे, याची मला कल्पना आहे. पण राळेगणच्या माणसाने तालुक्याच्या कचेरीतला कागद मागितला ती एक गोष्ट, आणि शहरातल्या सुखवस्तू माणसाने 'मी अण्णा' अशी टोपी घालून एक सर्वशक्तिमान लोकपाल मागितला ती दुसरी. पहिल्या गोष्टीत नागरिकाला काम लागते. दुसऱ्या गोष्टीत तो आपले काम आणखी एका थोर माणसाकडे सोपवून घरी जातो. लोकपालाचा कायदा झाला, पहिला लोकपाल मार्च २०१९मध्ये नेमला गेला, आणि टोप्या घालणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याचे नाव लक्षात ठेवले? महाराष्ट्रात तर लोकायुक्ताचा कायदा १९७१पासून आहे.

कागद वाचणे हे निरुपद्रवी काम आहे, असा समज असेल तर तोही काढून टाकावा. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहिती अधिकाराखाली जमिनीच्या व्यवहारांचे कागद मागवून वाचत असत. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांचा खून झाला. सातबारा वाचल्यावर माणसे मारली जात असतील, तर सातबारा ही आपल्या भाषेतली किती स्फोटक संहिता आहे, याचा विचार मराठीच्या कोणत्या अभ्यासमंडळाने केला?

आता आपल्या भाषेकडे वळतो, कारण या प्रकरणात तीही आरोपी आहे. 'जबाबदारी' या शब्दात 'जबाब' आहे. जाब विचारणे, जाबसाल, झाडाझडती, हिशेब चुकता करणे: विचारणाऱ्याचा अधिकार सांगणारे शब्द मराठीत भरपूर होते आणि आहेत. पण ज्याला ते लावायचे त्याला आपण काय म्हणतो? दादा, भाऊ, ताई, आबा, साहेब. चौकातला फ्लेक्स पाहा: 'कार्यसम्राट', 'विकासपुरुष', 'आधारवड', आणि निवडणूक दोन वर्षे लांब असली तरी 'भावी आमदार'. सम्राटाकडे हिशेब मागत नाहीत. त्याच्यापुढे अर्ज करतात. नात्याच्या शब्दाची गोष्ट तर अधिक अवघड आहे. थोरल्या भावाला, 'दादा, तुमच्या पत्नीच्या नावावरची ही जमीन कोठून आली?' असे विचारणे आपल्या घरात उद्धटपणाचे ठरते, आणि तोच घरातला संकोच आपण मतदारसंघात घेऊन जातो. ज्याने तुमच्या वडिलांना रुग्णालयात खाट मिळवून दिली, तुमच्या मुलीच्या लग्नाला अक्षता टाकायला जो आला, तो माणूस उपकारकर्ता झाला. आणि उपकारकर्त्याला जाब विचारला तर तो कृतघ्नपणा. खाट मिळणे हा हक्क होता, हे त्या व्यवहारात कोठेच येत नाही. 'आमदार', 'खासदार' या शब्दांची व्युत्पत्ती जाणकार काहीही सांगोत, इनामदार आणि वतनदार ऐकत आलेल्या कानांना त्यांतला 'दार' हा जहागीर धारण करणाराच वाटतो.

आपल्याकडे दुसरा एक शब्द होता. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीची नाराजी हे तिचे निमित्त. तिचा सभासद व्हायचे तर निदान पन्नास माणसांनी सह्या करून दिलेले मुखत्यारपत्र आणावे लागे. मुखत्यार म्हणजे आपल्या वतीने व्यवहार पाहायला आपणच नेमलेला माणूस. तो हिशेबाला बांधलेला असतो. ही सभा सर्वांची नव्हती, सरदार-सावकार आणि वरच्या जातींचा तिच्यात वरचष्मा होता, आणि तिच्या 'सार्वजनिक'पणावर जोतीरावांनी ओढलेले कोरडे यथायोग्यच होते. तरीही सार्वत्रिक मतदान स्वप्नातही नसताना, परकीय सत्तेखाली, कोणाच्या वतीने बोलायचे तर आधी त्यांचा कागद आणा, ही अट या शहराने स्वतःवर घालून घेतली होती. आज आपल्याकडे प्रौढ मताधिकार आहे, आणि मुखत्यार मात्र सम्राट झाला आहे.

मराठी साहित्याने या बाबतीत काय केले? आपली राजकीय कादंबरी म्हटली की 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. अरुण साधू यांच्याविषयी मला आदर आहे. पण 'सिंहासन'वरून झालेल्या १९७९च्या चित्रपटातला आपला सगळ्यांचा लाडका माणूस कोण? दिगू टिपणीस, जो सगळे पाहतो आणि शेवटी भ्रमिष्ट होतो. त्याच्या जागी आपण स्वतःला कल्पतो, कारण भ्रमिष्ट होणे भव्य आहे आणि तहसील कचेरीत अर्ज करून तीस दिवस वाट पाहणे भव्य नाही. मराठी राजकीय कथनात मुख्यमंत्री आहेत, बंडखोर आहेत, दलाल आहेत, पत्रकार आहेत. मतदार मात्र गर्दी म्हणूनच येतो. दुसरी आपली पुंजी म्हणजे कऱ्हाड, १९७५. दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीत, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असलेल्या संमेलनात जे धैर्य दाखवले, त्या पुण्याईवर आपण पन्नास वर्षे जगतो आहोत. दरम्यान कुठल्या नेत्याला स्वागताध्यक्ष करावे यासाठी आपल्याच संस्था रांगा लावतात. दुर्गाबाईंचे नाव घेण्याआधी आपण थोडे तरी अडखळायला हवे.

माझ्या बोलण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मला दिसतो. प्रतिज्ञापत्रे येऊन वीस वर्षे उलटली. आरोपी निवडून यायचे थांबले का? नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२०मध्ये पक्षांना बजावले की, खटले असलेला उमेदवार का निवडला याची कारणे छापा आणि 'निवडून येण्याची क्षमता' हे एकच कारण चालणार नाही. पक्षांनी कारणे छापली. ती जरूर वाचावीत. एकसुरी गद्याचा इतका निर्दोष नमुना दुसरीकडे मिळणार नाही. लोकप्रिय आहेत, समाजकार्य करतात, खटले राजकीय सूडातून आहेत. उमेदवार बदलतो, वाक्य बदलत नाही. ऑगस्ट २०२१मध्ये बिहारच्या निवडणुकीवरून न्यायालयाने पक्षांना दंड केले, त्यांतले दोन पाच-पाच लाखांचे. पाच लाख! एवढ्यात आपल्याकडे एक सभा होत नाही. ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात असा निर्णय दिला. एकाही पक्षाने तो पाळला नाही. त्यांत उजवे होते तसे डावेही होते. निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरले, स्टेट बँकेने जूनअखेरपर्यंत मुदत मागितली, न्यायालयाने ती नाकारली आणि मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या. कोणत्या कंपनीने कोणाला किती दिले ते क्रमांकासकट समोर आले. दोन आठवडे चर्चा झाली, मग लोकसभेचा प्रचार सुरू झाला.

म्हणजे माहितीने आपोआप सुधारणा होते ही श्रद्धा भाबडी होती, हे मान्य. पण यातून 'माहिती निरुपयोगी' असा निष्कर्ष काढणारे माझे सहकारी एक गोष्ट दडवतात. पुस्तक छापून कपाटात राहिले तर आपण पुस्तकाला दोष देतो का? याचिका करणाऱ्यांनी मजकूर मिळवला. वाचक तयार करणे हे त्यांचे काम नव्हते. ते काम समाजात ज्यांना पगार देऊन सोपवले आहे, ते आपण आहोत.

'नोटा'ची कथा याच जातीची. सप्टेंबर २०१३च्या निकालाने ते बटन आले आणि आपल्या वृत्तपत्रांनी त्याचे नामकरण 'नकाराधिकार' असे केले. हे भाषांतर चुकीचे आहे, आणि चुकीच्या भाषांतराने किती लोकांना समाधान दिले! त्या बटनाने काहीच नाकारले जात नाही. 'नोटा'ला सर्वांत जास्त मते पडली तरी विधानसभेत नंतरचा उमेदवार निवडून येतो. २०१९मध्ये लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा' २७,५०० मतांसह दुसऱ्या क्रमांकावर होता. विजयी उमेदवाराच्या निकालावर त्याचा ओरखडाही उठला नाही. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८मध्ये निदान स्थानिक निवडणुकांपुरते, 'नोटा' पहिला आला तर फेरनिवडणूक, असे ठरवले; या फरकाची जाणीव असलेला मराठीचा प्राध्यापक मला अजून भेटायचा आहे. सुशिक्षितांना मात्र ते बटन फार आवडते. त्यात राग व्यक्त होतो आणि कोणाची बाजू घ्यावी लागत नाही.

आणि ज्यांना निवडून आलेला माणूसच नको होता त्यांची इच्छा मध्यंतरी पुरीही झाली. मुंबई, पुणे आणि इतर शहरांतल्या महापालिकांच्या मुदती मार्च २०२२च्या आसपास संपल्या. निवडणुका झाल्या थेट जानेवारी २०२६मध्ये. जवळजवळ चार वर्षे देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. हजारो कोटींचे अंदाजपत्रक एका निवडून न आलेल्या माणसाने मांडले आणि त्यानेच मंजूर केले. रस्त्यावर कोण आले? शहरातल्या सोसायट्यांच्या बैठकांत मी स्वतः ऐकले आहे: 'नगरसेवक नाहीत तेच बरं, निदान खाणारे कमी.' हे बोलणारे लोक शिकलेले होते. त्यांपैकी एक तर निवृत्त मराठी प्राध्यापक होते आणि त्यांच्या भिंतीवर लोकहितवादींची तसबीर होती. ज्या माणसाने १८४८पासून 'प्रभाकर'मध्ये पत्रे लिहून आपल्या लोकांच्या याच आळसावर आसूड ओढले, त्याच्या तसबिरीखाली बसून!

मी सर्वांनी निवडणूक लढवावी किंवा मोर्चा काढावा असे म्हणत नाही. मीही काढलेला नाही. निवडणुकीच्या कामावर केंद्राध्यक्ष म्हणून जातो, रात्री यंत्र जमा करतो, भत्ता घेतो आणि परततो. माझी मागणी आपल्या पेशापुरतीच आहे. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात आपण अजून 'वीजजोडणी मिळण्याबाबत' विनंतीअर्ज शिकवतो. मसुदा 'विनंती विशेष' या शब्दांनी सुरू होतो आणि 'आपला कृपाभिलाषी' या शब्दांनी संपतो. त्याच्या शेजारी माहिती अधिकाराचा अर्ज ठेवा, जिथे कृपेचा संबंध येत नाही आणि कारण सांगावे लागत नाही. नमुना २६ ठेवा. आमदाराने विचारलेला तारांकित प्रश्न आणि त्याला मंत्र्याने दिलेले उत्तर ठेवा. 'हे खरे आहे काय?' आणि 'हे अंशतः खरे आहे' या दोन वाक्यांवर कितीतरी तास होतील. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्याने माहिती अधिकारातले व्यक्तिगत माहितीचे कलम बदलले आहे. जुने कलम आणि नवे कलम फळ्यावर शेजारी लिहा आणि कोणते शब्द गळाले ते मुलांनाच शोधू द्या. हे राजकारण असेल, तर विरामचिन्ह शिकवणे हेही राजकारण आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही. नंतर मी तो कागद पुन्हा पाहिला. उत्पन्नाच्या स्रोताच्या रकान्यात 'शेती' एवढेच होते. समाजसेवा तेथपर्यंत पोचेपर्यंत गळून पडली होती. जूनमध्ये नवा वर्ग येईल. प्रती काढून ठेवल्या आहेत, या वेळी दोनऐवजी पाच उमेदवारांच्या. प्राचार्यांनी पुन्हा चहाला बोलावले तर जाईन. चहा बरा असतो.